मिशनचे पैसे, जुळे सोलापूरचा प्लॉट आणि हातात उरलेले नऊ दिवस

लष्करातल्या एका हवालदारांचे पत्र आले आहे. सेवा 19 वर्षे, निवृत्तीला अजून पाच. सध्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानला एक वर्षासाठी आहेत. पत्नी आणि दोन मुले जुळे सोलापुरात भाड्याच्या घरात राहतात. वर्षाअखेर 10 लाख शिल्लक पडतील, त्यात थोडे कर्ज घालून विजापूर रोडच्या बाजूला 12 लाखांचा प्लॉट घ्यावा का, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘मध्यंतरी एक पॉलिसी घेतली आहे, वर्षाला 2,40,000, बारा वर्षे. पुन्हा मिशन मिळाले की हप्त्यांची काळजी नाही.’ सोबत प्रस्ताव अर्जाची प्रत जोडली आहे.

हवालदारसाहेब, प्लॉट कुठे पळून जात नाही, तो थांबेल. पॉलिसी थांबणार नाही, म्हणून आधी तिचेच बोलतो.

तुमच्या अर्जात वार्षिक उत्पन्न 21 लाख लिहिले आहे. हा आकडा आला कुठून ते मी ताडून पाहिले. शांतिसैनिकामागे संयुक्त राष्ट्रे दरमहा ठरावीक रक्कम देतात. 2018 मध्ये ती 1,428 डॉलर होती, जुलै 2022 पासून 1,448 झाली. रुपयांत सव्वा लाखाच्या आसपास. पण ही रक्कम सैन्य पाठवणाऱ्या देशाच्या सरकारला परतफेड म्हणून मिळते, जवानाच्या खात्यात येत नाही. तुम्हाला मिळतो तो आपल्या सरकारने ठरवलेला भत्ता. एजंटने हा सव्वा लाख तुमच्या 52,000 पगारात मिळवला, महिना पावणेदोन लाख धरले आणि बाराने गुणले. एजंट तुमच्याच पलटणीतला माजी सहकारी असल्याने तुम्ही विश्वासाने ओटीपी दिलात. त्याच अर्जात नोकरीचे ठिकाण ‘सोलापूर’ लिहिले आहे, दक्षिण सुदानचा उल्लेखही नाही. उत्पन्न खोटे आणि संघर्षग्रस्त देशातली नेमणूक लपवलेली! उद्या काही बरेवाईट झाले तर पहिल्या तीन वर्षांत कंपनी याच दोन ओळींवर बोट ठेवून दावा अडवू शकते, आणि ते निस्तरायला वहिनी एकट्या असतील.

आता हप्ता. 21 लाखांपुढे 2,40,000 किरकोळ वाटतात. तुमच्या खऱ्या 52,000 मधून महिन्याला 20,000 म्हणजे पगाराचे जवळजवळ चाळीस टक्के. निम्मे हप्ते तर निवृत्तीनंतर भरायचे आहेत. शेवटचे मूळ वेतन आणि सैनिकी सेवा वेतन मिळून 48,000 धरले तर पेन्शन 24,000 अधिक महागाई. त्यातला भाग विकलात, म्हणजे कम्युटेशन घेतलेत, तर तेवढी पेन्शन 15 वर्षे कापली जाणार. त्यातून वर्षाला 2,40,000 निघतील कसे?

मिळणार काय, तेही पाहा. एकूण 28,80,000 भरायचे आणि विसाव्या वर्षी 56 लाख घ्यायचे. ‘जवळजवळ दुप्पट’ ऐकायला छान वाटते, पण हा परतावा वर्षाला पावणेपाच टक्क्यांच्याही आत आहे. हेच हप्ते 7.1 टक्क्यांनी वाढले असते तर 80 लाखांच्या घरात गेले असते. हा दर तुमच्या एएफपीपी फंडाला, म्हणजे तुमच्या स्वतःच्या भविष्य निर्वाह निधीला, एप्रिल 2020 पासून मिळतो आहे. कर वाचेल असेही तुम्हाला सांगितले गेले. तुमचा करपात्र पगार पावणेतेरा लाखांच्या आत आहे. 2025-26 पासून नव्या करप्रणालीत त्यावर कर शून्य आहे. मग वाचवायचे काय?

पुन्हा मिशनच्या आशेवर बारा वर्षांचे देणे अंगावर घेऊ नका. लेबनॉनमधली शांतिसेनेची मोहीम 31 डिसेंबर 2026 ला संपवण्याचा ठराव सुरक्षा परिषदेने केला आहे. निधीअभावी इतर मोहिमांतले सैन्यही सुमारे चतुर्थांशाने कमी करण्याचे 2025 मध्येच जाहीर झाले. जागा घटत आहेत, रांग तेवढीच आहे.

पॉलिसीचे कागद ई-मेलवर येऊन आज 21 दिवस झाले. कागद मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत, ‘फ्री लूक’ मुदतीत, पॉलिसी परत करता येते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा हप्ता वजा करून बाकी पैसे परत मिळतात. पत्र एजंटला नको, त्याला फोनही करू नका, तो ‘एक महिना थांबा’ म्हणेल. थेट कंपनीच्या अधिकृत ई-मेलवर पाठवा. त्यात पॉलिसी क्रमांक, कागद मिळाल्याची तारीख, ‘फ्री लूक मुदतीत रद्द करत आहे’ हे वाक्य, कारण म्हणून ‘अर्जातील उत्पन्न व नोकरीचे ठिकाण चुकीचे’, आणि रद्द केलेला चेक. पोच क्रमांक जपून ठेवा. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार करा, त्यानंतर पुण्याचे विमा लोकपाल आहेत. बँकेतली ऑटो-डेबिटची परवानगीही त्याच दिवशी काढून टाका. विमा हवाच असेल तर आर्मी ग्रुप इन्शुरन्सच्या, म्हणजे सैन्याच्या सामूहिक विम्याच्या, जोडीला साधा टर्म प्लॅन, म्हणजे फक्त जोखमीचा विमा, घ्या, पण परत आल्यावर आणि सगळे खरे लिहून.

दुसरी अडचण रोजची आहे. तुमचे खाते एकट्याच्या नावावर आणि बँकेचा ओटीपी तुमच्या भारतातल्या सिमवर येतो. ते सिम 90 दिवस वापरात नसेल तर बंद होऊ शकते. त्याचे रिचार्ज वहिनींकडे सोपवा आणि खाते दोघांच्या नावावर, ‘दोघांपैकी कोणीही’ पद्धतीने करून घ्या. तीन लाख त्यांच्या हाताशी मुदत ठेवीत असू देत. तुमचे राहणे-जेवण छावणीत होते, खर्च डेटा आणि कँटीनपुरता. म्हणून एएफपीपी वर्गणी उरलेल्या महिन्यांसाठी 25,000 ने वाढवा. वर्षाची मर्यादा 5 लाख आहे. रोख डॉलर आणणार असाल तर नोटा 5,000 डॉलरपेक्षा जास्त असल्यास विमानतळावर घोषणापत्र भरावे लागते. 2,000 डॉलरवरचे 180 दिवसांत बँकेत बदलून घ्यायचे.

आता प्लॉट. परत येईपर्यंत इसारही देऊ नका. 12 लाखांवर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे सुमारे सात टक्के, म्हणजे 84,000 वेगळे लागतात. एनए (बिगरशेती) आदेश आणि मंजूर लेआउटची प्रत मागा. ‘सातबारावर सामाईकात नाव लागेल’ असे कोणी म्हणाले की तिथेच उठा. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, म्हणून शेजारच्या घरी बोअर किती फूट गेला आणि मे महिन्यात टँकर किती लागले, हे विचारा. तिकडून मुखत्यारपत्र करायचेच झाले तर जुबातल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करा आणि ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्या. ते वहिनींच्या नावाने असावे, दलालाच्या नाही.

ई-मेल मात्र आज रात्रीच पाठवा. छावणीतले नेट उद्या असेल-नसेल.