साडेपाचला जाग येते, मग पुढे काय?

प्रश्न : ताई नमस्कार. तुमचं सदर मिसेस वाचते, मी मागून वाचतो. वय ४६, राहायला मुलुंड, फोर्टला एका खाजगी कंपनीत २१ वर्षं अकाउंट्सला आहे. तसं बघायला गेलं तर मला काहीच दुःख नाहीये आणि म्हणूनच हे लिहायची लाज वाटते. मार्चमध्ये घराचा शेवटचा हप्ता गेला. २० वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो आला, बँकेतून पेपर आणले, कपाटात ठेवले, आमटीभात खाल्ला आणि झोपलो. बस. मुलगी पुण्याला हॉस्टेलला, मिसेस शाळेत शिकवते. अण्णा गेल्या वर्षी फेब्रुवारीत गेले. पॅरालिसिसचा अटॅक आल्यावर ४ वर्षं अंथरुणाला खिळून होते, त्यांचं सगळं मीच करायचो, पहाटे साडेपाचला उठून त्यांना साफ करणं, कूस बदलणं, पाठीला पावडर, नळीतून दूध, मग माझी आंघोळ आणि पळत स्टेशन. तेव्हा वाटायचं यातून सुटका कधी होणार, आता खोटं कशाला बोलू. आणि सुटका झाली तर अजूनही साडेपाचलाच जाग येते, अलार्म नसताना. पंख्याकडे बघत पडून राहतो. त्यांचा एअर बेड, कमोडची खुर्ची, वॉकर, सगळं गॅलरीत प्लास्टिक टाकून ठेवलंय, मिसेस म्हणते देऊन टाका कोणालातरी, माझ्याच्याने होत नाही. बाकी ऑफिसला जातो येतो, रील्स बघतो, झोपतो. मित्र म्हणतात पॉझिटिव्ह राहा, ट्रिपला चल. अलिबागला गेलो पण, तिथेही तेच. ट्रेनमध्ये उभा असताना मनात येतं की हे सगळं कशासाठी चाललंय, उद्या मी नसलो तर दोन दिवसांत माझ्या खुर्चीवर दुसरा बसेल. मिसेसला यातलं काही बोललेलो नाही. जगण्यात अर्थ आणि आनंद शोधायचा कसा ते सांगा.
— एक उभा प्रवासी, मुलुंड

उत्तर : दादा, आधी एक सरळ विचारते, राग मानू नका. ‘उद्या मी नसलो तर’ हे नुसतं ऑफिसच्या खुर्चीबद्दल लिहिलंत की जीव द्यावा असंही मनात येतं? ट्रेनच्या दारात उभं असताना येतं का? मी म्युनिसिपल हॉस्पिटलात मानसोपचार विभागात समाजसेविका म्हणून २६ वर्षं काढली, तिथे पहिल्या महिन्यातच शिकले की हे विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवीन काही भरत नाही, उलट माणूस हुश्श करतो की चला, कोणीतरी विचारलं एकदाचं. तुमचं उत्तर ‘हो’ असेल तर बाकीचं नंतर वाचा, आधी १४४१६ ला फोन लावा, टेलिमानस नाव आहे, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू असतं आणि मराठीत बोलता येतं. आणि मिसेसला सांगा. रात्रीचे दोन वाजले असतील तर उठवून सांगा.

उत्तर ‘नाही’ असेल तरी डॉक्टरकडे एक फेरी आहेच, ती चुकवू नका. दोन आठवड्यांच्या वर जवळजवळ रोज कशातच मन लागत नसेल, भूक झोप बिघडली असेल, साधं शर्टला इस्त्री करायचं पण जिवावर येत असेल तर ते डिप्रेशन असू शकतं. पहाटे लवकर जाग येऊन परत डोळा न लागणं हेही त्याचं एक लक्षण आहे, फक्त तुमच्या बाबतीत गंमत अशी की ती ४ वर्षांची सवयही आहे, त्यामुळे पत्रावरून मला ठरवता येणार नाही, समोर बसूनच बघावं लागेल. थायरॉईड आणि बी१२ पण करून घ्या, खास करून शाकाहारी असाल तर. माणूस महिनोनमहिने जगण्याचा अर्थ शोधत असतो आणि इकडे बी१२ तळाला गेलेलं असतं, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता कोणी आध्यात्मिक प्रश्न विचारला तरी माझ्या तोंडात आधी रिपोर्टच येतो. केईएम, नायर, सायन, तिन्हीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढून बसायचं. गर्दी असते, पण शेजारी बसलेल्यांकडे बघून एवढं नक्की कळतं की आपण एकटे नाही. गोळ्या दिल्या तर चौथ्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करू नका, त्यांना काम करायला दोन ते चार आठवडे लागतातच.

झालं, आता तुमचं पत्र.

ते मी दोनदा वाचलं. घराचा हप्ता दोन ओळीत संपवलात, मुलगी आणि मिसेस मिळून एक ओळ, ऑफिस, रील्स आणि अलिबाग ओझरतं. आणि अण्णांचं मात्र पावडर, नळी, कूस सगळं लिहिलंत, दीड वर्ष होत आलं तरी क्रमसुद्धा चुकला नाही. प्रश्न विचारलात जगण्याच्या अर्थाचा आणि पत्र लिहिलंत वडलांवर. मला वाटतं तुमचा अर्थ कुठे गेला ते तुम्हाला माहितीये, फक्त ते कबूल करायला अवघड जातंय कारण तेच काम करताना तुम्हाला सुटका हवी होती.

तर ते आधी मोकळं करून टाकू. वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून मला हे शेकडो लोकांनी सांगितलंय, हळू आवाजात, इकडेतिकडे बघून. चांगल्या मुलांनी, चांगल्या सुनांनी, एका ७० वर्षांच्या नवऱ्याने. जो खरंच उष्टंखरकटं काढतो ना त्यालाच सुटका हवीशी वाटते, लांबून फोनवर ‘काळजी घे हं बाबांची’ म्हणणाऱ्याला कशाला वाटेल? सुटका हवी होती ती जागरणातून, दुखणाऱ्या कमरेतून, वासातून. माणूस जावा असं त्यात नव्हतं, आणि कधी क्षणभर असलंच तरी दुसऱ्या दिवशी साडेपाचला तुम्ही उठलातच ना? मग झालं तर. पण बाप जाऊन वर्ष उलटल्यावरही जर दिवसाचा गाडा पुढे सरकत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा, लांबलेल्या शोकाला आता वेगळं निदान आहे, अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या मॅन्युअलात २०२२ मध्ये ते आलं, आणि त्यावर उपाय करतात.

हप्ता संपल्याचा आनंद का झाला नाही याचं मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. १९७८ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, छोटासाच, लॉटरी लागलेली २२ माणसं घेतली, तशाच वस्तीतली लॉटरी न लागलेली २२ घेतली आणि विचारलं किती सुखी आहात. फारसा फरक नाही. उलट लॉटरीवाल्यांना रोजच्या बारक्या गोष्टींतली मजा कमी झालेली, मित्राशी गप्पा, सकाळचा नाश्ता, जोक ऐकणं, मासिक वाचणं (हे वाचून आमच्या संपादकांनी नोंद घ्यावी). मोठी गोष्ट झाली की ती दोन दिवसांत भिंतीतली वीट होते, दिसेनाशी होते. तुम्हाला तर लॉटरी पण नाही लागली, तुमचे स्वतःचेच पैसे जायचे थांबले, त्यात नाचण्यासारखं काय होतं? आमटीभात बरोबर होता.

आता अर्थाचं. आपल्याकडे भांडणात म्हणतात ना, ‘तुझ्यावाचून काही अडलं नाहीये माझं’. याच्याइतकं लागणारं वाक्य मराठीत दुसरं नसेल, आणि का लागतं बघा, कारण माणसाला मनातून एवढंच हवं असतं की कुठेतरी, कोणाचंतरी, आपल्यावाचून थोडंसं अडावं. फार नाही. फार अडलं की तुम्ही त्या ४ वर्षांत दमलात तसे दमतो. पण काहीच अडेनासं झालं की मग पंख्याकडे बघत पडणं. अण्णांचं रोज साडेपाचला तुमच्यावाचून अडायचं. बँकेचं अडायचं, तिने पण सोडलं. मुलगी आता जीपेवर पैसे मागत असेल आणि ‘थँक्स बाबा’चा स्टिकर पाठवत असेल. ऑफिसचं तुम्ही स्वतःच लिहिलंत. वर्ष-दीड वर्षात चार खिडक्या बंद झाल्या आणि मित्र म्हणतात पॉझिटिव्ह राहा. (हा शब्द मला रक्ताच्या रिपोर्टवरच बरा वाटतो, आणि तिथेही नेहमी नाही.)

माझंच सांगते. रिटायर झाले तेव्हा सगळ्यांनी सांगितलं आता मजा कर, छंद जोप. सात-आठ महिने मी नुसती खुर्चीत, हातात फोन, दुपारी तीनला परत झोप. २६ वर्षं दुसऱ्यांना शहाणपण शिकवलं ते स्वतःला लागू करायची इच्छा होत नव्हती. आमच्या वरच्या मजल्यावर ८४ वर्षांच्या एक आजी, डोळ्यांनी अधू, एकदा जिन्यात म्हणाल्या मला पेपर वाचून दाखवशील का. मला वाटलं अग्रलेख वगैरे. नाही, त्यांना फक्त निधनाच्या जाहिराती ऐकायच्या होत्या, आपल्यातलं कोण कोण गेलं ते बघायला. रोज चार वाजता मी जाऊन मेलेल्यांची नावं वाचायचे आणि त्या मध्येच थांबवून सांगायच्या, ‘ही नव्हे हो, आमची ती गिरगावातली, हिचं वय बसत नाही’. नाव बसलं तर त्या बाईच्या लग्नातल्या मठ्ठ्यापासून स्टोरी चालू. मला काही आनंद वगैरे होत नव्हता, पहिले पंधरा दिवस तर कंटाळाच. मग एकदा ताप होता म्हणून मी गेले नाही, तर सव्वाचारला त्यांची बाई दारात, ‘आजी विचारतायत, ताईंचं नाव नाही ना आलं पेपरात?’ मी तापात खूप हसले, बऱ्याच महिन्यांनी.

हे मुद्दाम सांगतेय कारण तुम्ही ‘शोधायचा कसा’ विचारलंत. बसून शोधला तर सापडत नाही असा माझा अनुभव. मानसोपचारात १९७० च्या दशकापासून ही पद्धत वापरतात, मूड आला की करीन असं म्हणायचं नाही, आधी ठरल्या वेळी एक छोटी गोष्ट करायची, मूड मागून येतो, कधी उशिरा येतो, कधी चिडचिडत येतो. म्हणून ट्रेकबिक राहू दे.

तुमच्याकडे साडेपाचची वेळ आहे आणि हातात एक विद्या आहे जी तुम्ही मोजतच नाही. अंथरुणातल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, नळीतून देताना डोकं वर घ्यायचं, एअर बेडची हवा कमी जास्त कशी करायची, चादरीची एक सुरकुती राहिली तर सकाळी पाठ लाल कशी होते, हे तुम्हाला झोपेत विचारलं तरी येईल. मुंबईत रोज कोणालातरी हॉस्पिटलातून डिस्चार्ज मिळतो आणि मुलगा किंवा सून घरी येऊन त्या पेशंटकडे बघत उभी राहते, आता काय करू. कागदावर लिहून दिलेलं असतं पण दाखवणारं कोणी नसतं. मुलुंड-ठाण्याकडे रुग्णोपयोगी साहित्य वापरायला देणारी केंद्रं शोधा, डिपॉझिट घेऊन बेड, वॉकर देतात ती, बऱ्याच उपनगरांत अशी आहेत. तिकडे जाऊन एवढंच म्हणा की ज्या घरी एअर बेड जातो तिथे पहिल्या सकाळी मी जाऊन शिकवीन. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, बाहेरगावचे कॅन्सर पेशंट आणि त्यांची माणसं तिथे राहतात, ऑफिसवरून येताना उतरून विचारा काय लागतं. नाही म्हणाले तर नाही, दुसरीकडे विचारायचं. आठवड्यातून एकदाच. रोज नको, तुम्ही परत ४ वर्षांची शिफ्ट लावून घ्याल, तुमचा स्वभाव दिसतोय पत्रात.

गॅलरीतला बेड मात्र मिसेस म्हणते म्हणून देऊ नका आणि मी म्हणते म्हणूनही नको. कोणाच्यातरी घरी दुसऱ्याचा बेड लावून द्याल, तिथे कमी पडला की आपोआप तुमचा आठवेल. नाही आठवला तरी पावसाळ्यात प्लास्टिक नीट घट्ट बांधा, मोटर खराब होते.

राहिली मिसेस. ती हे सदर वाचते असं लिहिलंत आणि तिला काही सांगितलं नाही असंही लिहिलंत. मुलुंड, फोर्ट, अण्णा, पुण्याची मुलगी, दादा, ती शाळेत शिकवते, एवढं तिला जुळवता येणार नाही असं वाटतं का तुम्हाला? अंक घरी यायच्या आत सांगून टाका. तिचेही सासरे गेलेत, ४ वर्षं त्याच दोन खोल्यांत तीही होती, आणि तिला कोणी विचारलं असेल असं तुमच्या पत्रावरून तरी वाटत नाही.

प्रश्न : ताई मी २७ वर्षांची, अंधेरीला आयटीत. हॅपी राहण्यासाठी रोज रात्री डायरीत तीन चांगल्या गोष्टी लिहिते पण आता रोज तेच येतं, आई, चहा, जॉब. काही फील होत नाही. माझ्यात प्रॉब्लेम आहे का?
— अंधेरीची एक

उत्तर : नाही गं. हे आठवड्यातून एकदा करणाऱ्यांना फायदा झाला आणि तीनदा करणाऱ्यांना झाला नाही असं एका अभ्यासात दिसलं होतं, तू तर सातदा करतेस, होमवर्क झालाय त्याचा. रविवारी लिही फक्त. आणि आई इतक्या वेळा येतेय तर वहीत कशाला, तिलाच फोन कर, हार्वर्डवाले १९३८ पासून ७२४ पुरुषांच्या मागे लागून हेच सांगतायत की म्हातारपणी तब्येत आणि समाधान कोणाचं चांगलं राहिलं, तर ज्यांची जवळची नाती धड होती त्यांचं. जॉबचं नाव यादीतून महिनाभर काढून बघ, आठवण येते का. चहा राहू दे, तो रोजचाच बरा.