गावातला जुना वाडा पाडून स्लॅबचं घर बांधावं, की वाडाच दुरुस्त करावा?

तुम्ही लिहिलंय की घरचे पाडायचं म्हणतात आणि अख्खी गल्ली 'एवढा देखणा वाडा, पाडू नका' म्हणते. गल्लीचं ऐकून घ्या आणि सोडून द्या. पावसाळ्याआधी कवेलू (कौलं) फेरायला गल्ली येत नाही. आमच्याकडे (यवतमाळ जिल्हा) हाच वाद झाला, तेव्हा सगळ्यात जोरात 'पाडू नका' म्हणणारे काका पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहत होते.

आधी भिंतीचं बूड आणि तुळयांची टोकं तपासा. जुनं सागवान उदईला (वाळवीला) सहसा दाद देत नाही, पण भिंतीत गाडलेलं टोक ओलीनं सडतं. तिथे पटाशी (सुताराची छिन्नी) दाबून पाहा. सहज आत गेली तर ती तुळई गेली समजा. भिंतीला ओळंबा लावा. पोट आलेली भिंत उतरवावीच लागते.

आमची पुढची भिंत बुडाशी हातभर पोखरली होती, आणि ते केलं गावातल्या सिमेंट रस्त्यानं. जुन्या रस्त्यावर नवा थर, त्यावर पुन्हा थर, असं करत रस्ता ओट्याच्या वर गेला आणि पाणी भिंतीत मुरायला लागलं. उपाय म्हणून मिस्त्रीनं मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर मारलं. ओल बाहेर पडायची वाटच बंद! पुढे ते प्लास्टर मातीचे पोपडे घेऊनच खाली आलं. तुमच्याकडे तसं असेल तर आधी ते खरवडून काढा, मातीचा किंवा चुन्याचा गिलावा करा आणि रस्त्याच्या बाजूनं नाली काढा.

मे महिन्यात पारा 45 वर असताना जाड मातीच्या भिंतीआड दुपारी झोप लागते. स्लॅब रात्रीसुद्धा आग ओकत असतो. पण वाड्याची बाजू घेताना खोटं बोलू नये. वानरं कवेलू फोडतात, नवे कवेलू सहज मिळत नाहीत, आणि रात्री उठून मागच्या अंगणात जाणं म्हाताऱ्या माणसांना झेपत नाही. माझी आई एवढ्याचसाठी पाडायच्या बाजूनं होती, आणि तिचं बरोबर होतं.

म्हणून मी म्हणेन, ढेलज (दारातली देवडी), ओसरी आणि पुढचे खण ठेवा. मागची पडझड उतरवून तिथे संडास-बाथरूम, स्वयंपाकघर आणि एक पक्की खोली काढा. खाली काळी माती लागली तर ती काढून मुरूम भरा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तशीच ठेवलीत तर नवी खोली वाड्याच्या आधी तडकेल. मातीकामाबद्दल विचारायचं असेल तर वर्ध्याचं ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र 1976 पासून याच कामात आहे. जवळच सेवाग्रामला बापू कुटीही पाहून या. 1930 च्या दशकातलं माती-बांबूचं घर, पण डागडुजी होत राहते म्हणून उभं आहे.

एवढं करूनही पाडायचंच ठरलं, तर एकगठ्ठा सौदा करू नका. जुनं लाकूड घेणारे 'माती-मलब्यासकट उचलतो' म्हणतात आणि सागवानाचा भाव त्या एका आकड्यात बुडतो. ओळखीचा सुतार सोबत घ्या, खांब-तुळया एकेक मोजा, चौकटी आणि दारं वेगळी काढून ठेवा. सब्बल (पहार) लावायच्या आधी सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर (घरपट्टीच्या नोंदवहीत) नावं नसली तरी बहिणींच्यासुद्धा.