कोविडची साथ असताना पहिलंच उन्हाळी शिबिर घेताय? आधी एवढं सांभाळा

कपाळावरून ताप मोजायची थर्मल गन आणि जंतुनाशक फवारणीच्या पंपावर पैसे घालण्याआधी गट पाडा. कोविडच्या काळात सगळ्यात कामाचं तेच: दहा-बारा मुलं, एक ताई किंवा दादा, आणि शेवटच्या दिवसापर्यंत तोच गट. खेळ, जेवण, झोपणं सगळं त्यातच. नवखे चुकतात ते इथे. दिवसभर गट पाळतात आणि रात्री सगळ्यांना बंद हॉलमध्ये एकाच पंगतीला बसवतात. मास्क नेमके तिथेच उतरतात! पंगत अंगणात घ्या, गटागटाने, अंतर ठेवून.

- उन्हातून आलेल्या मुलाचं कपाळ लगेच तपासू नका, आकडा फसवतो. दहा-पंधरा मिनिटं सावलीत बसवा. तरीही १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर वेगळी खोली आणि पालकांना फोन. ती खोली आधीच रिकामी ठेवा, ऐनवेळी मिळत नाही.
- धावताना, पोहताना मास्क नको. एरवी घामाने भिजला की बदला. रोजचे दोन-तीन लागतातच.
- मातीचे हात साबणानेच, २० सेकंद. सॅनिटायझर शेकोटीजवळ अजिबात नको, पेट घेतो.

आणि हो, पाण्याच्या बाटलीवर नाव. तहान लागली की मुलं दिसेल ती बाटली तोंडाला लावतात.