एकाच भिंतीवर स्टेन्सिलचं डिझाइन : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : ताई, हॉलमधली सोफ्यामागची एकच भिंत स्टेन्सिलने रंगवायचीय. भिंत ११ फूट रुंद नि ९ फूट उंच आहे. जाळीचं डिझाइन मागवलंय, १८ बाय २४ इंचाचं. मिस्टर म्हणतात डावीकडच्या कोपऱ्यातून सुरू कर आणि पुढे सरकत जा. बरोबर आहे का? डिझाइन तिरकं जाऊ नये म्हणून काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कोपऱ्यातून अजिबात सुरू करू नका! बहुतेक घरांचे कोपरे नीट काटकोनात नसतात, स्लॅबही कुठेतरी अर्धा-एक इंच खाली उतरलेला असतो, तिथून सुरुवात केली की पहिला छाप किंचित तिरका बसतो आणि पाचव्या-सहाव्या छापापर्यंत तो तिरकेपणा लांबून दिसायला लागतो. सुरुवात करायची भिंतीच्या मधोमध, वरून. मध्य काढा, तिथे ओळंबा सोडा (गवंड्याचा नसेल तर दोऱ्याला जड किल्ली बांधली तरी चालतं), दोरा हलायचा थांबला की त्याच्या रेषेवर पेन्सिलने अगदी फिक्या खुणा करत खाली या. निळीची दोरी मारू नका, तो डाग सहज जात नाही.

आता आकडेमोड, आणि ही रंगाचा डबा उघडायच्या आधीच करायची. आधी स्टेन्सिल नीट मोजा. शीटची कड मोजायची नाही, एका फुलाच्या मध्यापासून पुढच्या तशाच फुलाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं, कारण शीट नेहमी डिझाइनपेक्षा मोठी असते. समजा ते अंतर खरंच १८ इंच निघालं. तुमची भिंत १३२ इंच. मध्यरेषेवर अख्खा छाप ठेवलात तर ७ छाप बसतात आणि दोन्ही कडांना फक्त ३-३ इंचांची चिंधी उरते, ती भरताना जीव जातो आणि दिसतेही वाईट. त्यापेक्षा दोन छापांचा जोड मध्यरेषेवर आणा, म्हणजे ६ अख्खे छाप आणि दोन्हीकडे १२-१२ इंच. बघा किती फरक पडतो! उंचीला २४ इंचाने साडेचार छाप होतात, अर्धा तळाला येऊ दे, सोफ्यामागे जाईल.

पहिला छाप लावताना स्पिरिट लेव्हल ठेवून बघा, छताच्या कडेशी जुळवत बसू नका. मग त्याच उभ्या पट्ट्यात खालपर्यंत उतरा, नंतर एक पट्टा डावीकडे, एक उजवीकडे, म्हणजे काही चूक झालीच तर ती दोन्ही बाजूंना वाटली जाते. स्टेन्सिलवर जुळवायच्या खुणा असतात, प्रत्येक वेळी त्या आधीच्या छापावर तंतोतंत बसवायच्या आणि दर दोन-तीन छापांनंतर परत लेव्हल लावायची. कंटाळा येतो, पण हे सोडू नका प्लीज, सगळी भिंत यावरच उभी आहे.

प्रश्न : पुठ्ठ्यावर ट्राय केलं तर रंग स्टेन्सिलखाली पसरतोय, कडा फाटक्या येतात. स्टेन्सिलच खराब आहे का? रंग पातळ करू का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : स्टेन्सिल ठीक असणार, रंग जास्त होतोय. आणि पातळ तर मुळीच करू नका, पाणी घातलं की तो आणखी आत शिरेल. ४ इंची स्पंजचा रोलर घ्या, केसाळ नको. रंगात बुडवून ट्रेवर फिरवा आणि मग जुन्या वर्तमानपत्रावर इतका फिरवा की आता यात रंगच उरला नाही असं वाटायला लागेल, तेव्हा तो भिंतीसाठी तयार झाला. हलक्या हाताने मारा, दाबू नका, दाबलं की स्पंजमधला रंग कडांखाली जातो. पहिला हात पुसट दिसेल, दिसू द्या, मिनिटभराने दुसरा हलका हात मारा. घाईघाईत एकाच हातात गडद करायला जाल तर कडा बिघडल्याच म्हणून समजा.

स्टेन्सिल नुसत्या टेपवर मधून फुगते, म्हणून मागच्या बाजूला परत परत चिकटवता येणारा स्प्रे गोंद हलकासा मारा. चार-पाच छाप झाले की शीट कोमट पाण्याने धुवा, दोन्ही बाजू कोरड्या करा. पुढचा छाप आधीच्यावर थोडा चढतो ना, तिथला रंग ओला असेल तर डाग पडतो, हेअर ड्रायर जवळ ठेवला तर काम पटकन होतं.

रंग किती लागतो असंही बऱ्याच जणी विचारतात. एका भिंतीला अर्धा लिटर आणलात तरी उरतो, उरलेला टचअपसाठी ठेवा. आणि माझं मत विचाराल तर भिंतीच्याच रंगाची एक-दोन शेड गडद घ्या. दिसायला शांत वाटतं, बारीकसारीक चुका लपतात आणि दोन वर्षांनी डोळ्यांना टोचत नाही.

प्रश्न : आमच्या भिंतीला डिस्टेंपर आहे, पावसाळ्यात खालून ओलही येते. दिवाळीच्या आत स्टेन्सिल करून घेऊ का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : दिवाळीचा मोह या वर्षी सोडा. आधी हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवून एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल आतूनच येतेय, मग ती कुठून येते ते शोधून बंद केल्याशिवाय कुठलाही रंग टिकणार नाही. पांढरा क्षार आला असेल तर सुक्या ब्रशने झाडून काढा, पाण्याने धुतलात तर तो विरघळून परत आत जातो. भिंत पूर्ण सुकायला फेब्रुवारी-मार्च उजाडला तरी चालेल.

डिस्टेंपरवर हात फिरवून बघा, तळव्याला पावडर लागली तर टेप काढताना पोपडेच निघतील. पॉलिश पेपर, प्रायमर, मग इमल्शनचे दोन हात, आणि त्यानंतर निदान २४ तास थांबून मग स्टेन्सिल. तुमच्याकडच्या दमट हवेत दोन-तीन दिवस थांबलात तर अजून उत्तम. टेप लावायच्या आधी एकदा कपड्यावर चिकटवून काढा, त्याची चिकट कमी होते.

प्रश्न : पैठणीचा बांगडी मोर भिंतीवर हवाय. तयार स्टेन्सिल मिळेना, घरी कापता येईल?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : येईल, आणि कल्पना फार सुंदर आहे! अडचण एकच, बांगडीचा गोल पूर्ण कापला की मधला मोरच खाली पडतो. म्हणून गोलात तीन-चार ठिकाणी ३-४ मिलिमीटरचे जोड न कापता सोडायचे, भिंतीवर ते दिसतात पण नक्षीचाच भाग वाटतात. नको असतील तर रंगवून झाल्यावर बारीक ब्रशने भरा. ओएचपी शीट (प्रोजेक्टरसाठीची पारदर्शक प्लास्टिक शीट) किंवा जुना एक्स-रे घ्या, खाली काच ठेवा, कटरचं पातं नवीन घाला. वळणावर हात न वळवता शीट फिरवत राहा, कड गुळगुळीत येते. पिसारा आणि अंग वेगवेगळ्या रंगात हवं असेल तर दोन शीट कापा आणि दोन्हीच्या कोपऱ्यांना एकाच जागी भोकं पाडा, म्हणजे दुसरी शीट पहिल्याच्या खुणांवर नेमकी बसेल.