साहेब 'देतो' म्हणाले आणि अपिलाची मुदत गेली

महिन्याला असे चार-पाच मेसेज येतात, फक्त गाव बदलतं. यावेळचे वाचक तालुक्याला साप्ताहिक चालवतात. १२ फेब्रुवारीला नगरपरिषदेत रस्त्याच्या बिलांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज दिला, उत्तर नाही, साहेब "देतो, देतो" म्हणत राहिले, शेवटी ऑगस्टमध्ये वैतागून थेट राज्य माहिती आयोगाकडे कलम १८ ची तक्रार केली आणि आता विचारतायत कागद कधी मिळतील.

या तक्रारीतून मिळणार नाहीत. २०११ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की कलम १८ खाली आयोग अधिकाऱ्याला दंड करू शकतो, दिवसाला २५० आणि जास्तीत जास्त २५ हजार, पण कागद द्यायला लावू शकत नाही. त्यासाठी कलम १९ चं अपीलच लागतं, आणि तुम्ही ते केलंच नाही.

खरी गोम कलम ७(२) मध्ये आहे. तीस दिवसांत उत्तर नाही म्हणजे नकार, लेखी पत्राची वाट बघायचीच नसते. म्हणजे १४ मार्चला नकार झाला आणि पहिल्या अपिलाची मुदत १३ एप्रिलला संपली, त्या काळात तुम्ही साहेबांच्या केबिनबाहेर चहा पीत होतात! उशीर माफ होऊ शकतो, सबळ कारण पाहिजे, पण "साहेबांनी शब्द दिला होता" हे किती चालेल याची खात्री मी देणार नाही. शिवाय हे अपील बहुतेक ठिकाणी मुख्याधिकाऱ्यांकडेच जातं, म्हणजे त्याच इमारतीत.

मी तुमच्या जागी असतो तर सरळ नवा अर्ज टाकला असता. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्द, एकच विषय. जुन्या अर्जात तुम्ही "रस्ता एका पावसात का उखडला" असं विचारलंय, अहो 'का' ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, जो कागद दप्तरात आहे तो मागा: कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, अंतिम बिल. अर्ज स्वतःच्या नावाने करा, लेटरहेड नको, कायदा नागरिकाला हक्क देतो, प्रेस कार्डाला वेगळा काही देत नाही.

ठेकेदाराची 'वैयक्तिक माहिती' म्हणून अडवतील का? डेटा संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहिती नाकारण्याचं कलम ८(१)(j) बदललंय खरं, त्यामुळे प्रयत्न होईल, पण जनहित मोठं असेल तर तरीही माहिती देता येते, हे ८(२) चं दार अजून उघडं आहे. तसं उत्तर आलं की बघू.

आयोगाकडची तक्रार राहू दे, दंड झाला तर झाला, तिथली थप्पी बघता नंबर कधी लागेल देव जाणे. नव्या अर्जाच्या पोचवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्या, तिथून तीस दिवस मोजा आणि एकतिसाव्या दिवशी वीस रुपयांचा स्टॅम्प लावून अपील दाखल करा. साहेब पुन्हा "देतो" म्हणाले तरी.