पाणथळ जागेवर टॉवर येतोय, काय करू?

प्रश्न: आम्ही नेरुळला राहतो, मागच्या खाडीकाठच्या तळ्यात दर हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात, तिथे आता टॉवर होणार म्हणे, आणि भरतीचं पाणी आत यायची वाट कुणीतरी डेब्रिज टाकून बुजवलीय, तळं सुकत चाललंय. जनसुनावणीत विरोध करायचाय, ती कधी असते?

उत्तर: ताई, सुनावणीची वाट बघत बसू नका, २००६ च्या ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावरचा परिणाम तपासण्याच्या) नियमात बिल्डिंग प्रोजेक्टला जनसुनावणीतून सूटच आहे (आमच्या मते ही मोठी पळवाट). पण २०,००० चौरस मीटर किंवा जास्त बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी लागतेच, तेव्हा परिवेश पोर्टलवर (अशा मंजुऱ्यांची सरकारी वेबसाइट) बिल्डरचा अर्ज शोधा आणि ही मंजुरी तपासणाऱ्या राज्याच्या समितीला लेखी हरकत आत्ताच पाठवा. मंजुरी मिळालीच तर राष्ट्रीय हरित लवादात (पर्यावरणाचे खटले चालवणारं न्यायपीठ) अपिलाला ३० दिवस, सबळ कारण असेल तर आणखी ६०.

आणि ती बुजवलेली वाट! भरती-ओहोटी दोन्ही वेळेला तारखेसकट फोटो काढा, कारण भरतीचं पाणी तुटलं की कांदळवन (खारफुटीचं जंगल) वाळतं आणि मग म्हणतात, इथे होतं काय? मुंबई हायकोर्टाने २०१८ मध्ये कांदळवन आणि भोवतीच्या ५० मीटरमध्ये बांधकामाला मनाई केलीय, तक्रारीत हे लिहाच. बिल्डरने महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पाच्या नोंदणीचा, नंबर दाखवला तर भुलू नका, तो वेगळा विषय.