चिटबॉयनं थांबवायचं कुणाला?

सांगली

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या साखर कारखान्याच्या 'उतारा वाढ धोरणा'च्या (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी) चाळीस स्लाइड व्हॉट्सअ‍ॅपवर मिळाल्या. शेवटपर्यंत वाचल्या. आकडे चोख आहेत, भाषा मात्र वार्षिक अहवालाची. 'मूल्यवर्धन', 'गुणवत्तापूर्ण ऊस', 'सर्वसमावेशक प्रगती' यांना सर्वसाधारण सभेत कुणी हरकत घेणार नाही. बहुतेक त्यासाठीच ते शब्द घातले असावेत.

आता हेच धोरण घेऊन फडावर जाऊ. वाळवा तालुक्यातलं कुठलंही गाव धर, डिसेंबरातली सकाळ. चिटबॉयपुढं, म्हणजे ऊसतोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या पोरापुढं, दोन प्लॉट आहेत. ओढ्यापलीकडचा आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा ऊस; त्याला तुरा आलाय, तोडीला तयार. रस्त्याकडेचा ऊस अजून कच्चा. रसाची गोडी मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर लावला तर वरच्या कांडीचा ब्रिक्स, म्हणजे गोडीचा आकडा, खालच्या कांडीपेक्षा बराच मागं. पण तोडणी टोळीच्या मुकादमाला रस्त्याकडेचाच हवा. टोळीला पैसे टनावर मिळतात, आणि ओढ्यात ट्रॅक्टर रुतला की दिवस गेला. रस्त्याकडेच्या मालकाला रान मोकळं करून गहू टाकायचाय, आणि तो एका संचालकांचा पाहुणा. (खुशालीचा, म्हणजे तोडीसाठी शेतकऱ्याकडून वर घेतल्या जाणाऱ्या पैशांचा, विषय आज काढत नाही.) या पोरानं तोड कुठं लावायची? तुझ्या स्लाइडमध्ये शोधून बघ.

तिथं उत्तर मिळत नाही, कारण थांबायचं कुणी हे तू लिहिलेलंच नाहीस. उतारा वाढवायचा म्हणजे कुणाचा तरी ऊस आज तुटणार नाही, आणि तो माणूस फोन करणार. तेव्हा सरळ लिही: वरच्या-खालच्या कांडीचा ब्रिक्स जुळल्याशिवाय तोडचिठ्ठी नाही, मालक कुणीही असो. वरून फोन आला तर चिटबॉयनं शेती अधिकाऱ्याकडं बोट दाखवायचं, शेती अधिकाऱ्यानं एमडींकडं. हे संचालकांशी आधी, दार लावून बोलून घे. तिथं ते कबूल होत नसतील तर खाली सांगूच नकोस. पहिल्या फोनलाच पोरगा तोंडघशी पडेल, आणि पुढच्या वर्षी तुझं परिपत्रक कुणी उघडणार नाही.

कारणही सांग, पण ज्याचं त्याला. शेतकऱ्याला रुपयांत सांग. 2025-26 च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला किमान ऊसदर, 10.25 टक्के उताऱ्याला टनामागं 3,550 रुपये; त्यावर प्रत्येक 0.1 टक्क्याला 34 रुपये 60 पैसे. अर्धा टक्का वाढला की 173 रुपये झाले. एकरी पन्नास टन धर, साडेआठ हजारांच्या वर जातात. खरी मेख पुढं आहे: हा उतारा सबंध कारखान्याचा धरतात, एकट्या शेतकऱ्याचा धरत नाहीत. म्हणजे पाहुण्याचा कच्चा ऊस आधी गेला, तर ओढ्यापलीकडच्याचं नुकसान दोनदा. त्याच्या उसाचं वजन घटतं आणि सगळ्यांचा दरही. एवढं गावात पोचलं की निम्मे फोन गावच अडवेल.

टोळीला मात्र या हिशेबाशी देणंघेणं नाही, आणि का असावं? त्यांना आतल्या प्लॉटसाठी रस्ता करून दे, नाहीतर जादा दर दे. आणि गट अधिकाऱ्यांची बढती तू अजून टनेजवर ठेवलीयस. माणसं भाषण ऐकतात आणि वागतात बढतीप्रमाणं. ते टनेजच आणणार.

शेजारच्या साताऱ्याकडं बघ. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले इथं रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये ती साताऱ्याला नेली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, स्वतः स्वयंपाक करायची, एका पंगतीत जेवायची. संस्थेचं धोरण काय, हे नव्या मुलाला पहिल्या जेवणालाच कळत असणार. तुझ्या धोरणात तसं रोज डोळ्यांना दिसणारं काय आहे? मला वाटतं, गट कार्यालयाच्या फळ्यावर प्लॉटवार ब्रिक्स आणि तोडीचा क्रम लिहायला लाव. फळा सगळे वाचतात.

आणि बैठकीत 'समजलं का?' असं कधी विचारू नकोस. 'हो साहेब' याशिवाय तिथं दुसरं उत्तर नसतं. हेच दोन प्लॉट पुढं ठेव, 'उद्या तोड कुठं लावशील?' म्हणून विचार आणि गप्प बस. तीन गटांतून तीन उत्तरं आली तर पोरांवर डाफरू नकोस, कागद पुन्हा लिही. एका पानात बसव.

बैठका ऑक्टोबरातच उरक. मोळी टाकल्यावर, म्हणजे गाळप सुरू झाल्यावर, कुणाला सवड नसते. टोळ्या बीडकडून येतील तेव्हा मुकादमांना वेगळं बसव. त्यांतले बरेच नवे असतात, मागल्या हंगामात काय ठरलं ते त्यांना ठाऊक नसतं. तिथं स्वतः जा. ते पैशांचं आणि रस्त्याचं विचारतील. दोन्हींची मंजुरी खिशात असल्याशिवाय जाऊ नकोस.

कळावे.